मुलाकडची माणसं

"दादा, तुम्ही नका बसू खुर्चीत. परवा लेकीचं लग्न, आणि बाप चमनगोटा करून उभा राहणार?"

संघटनेतल्या दु-होचं हे बोलणं ऐकून बोंग-शिकच्या जिवात जीव आला आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. सोलमध्ये कंपनीच्या काचेच्या इमारतीसमोर तीन डिलिव्हरीवाले भरदुपारी मुंडन करून घेणार होते. पाय मोडलेल्या सोबत्याला कंपनीने 'तुम्ही आमचे कामगारच नाही' असं कळवलं होतं, त्याचा हा निषेध. संघटना बोंग-शिकने उभी केलेली, तेव्हा पहिली खुर्ची त्याची. पण पन्नाशीत चिकनचं दुकान बुडालं आणि तो मोटरसायकलवरून डिलिव्हरी करू लागला, हे व्याह्यांना ठाऊक नव्हतं. बाबा गोदाम सांभाळतात, असं लेकीने सांगून ठेवलं होतं. "तेवढा एक दिवस बाप म्हणून नीट उभे राहा," बायको म्हणाली होती.

त्याच्या खुर्चीत दु-हो बसला. मशीन फिरलं, घोषणा झाल्या. बोंग-शिकनेही दिल्या, पण त्याला स्वतःचाच आवाज परका वाटला.

शनिवारी त्याने हे-वॉनचा हात जावयाच्या हातात दिला. वळून पाहतो तर शेवटच्या रांगेत तिघं, अंगात सूट आणि डोक्यावर टोप्या. "कामं सोडून येऊ नका रे," असं त्याने बजावलं होतं, तरी आले होते लेकाचे. त्याला भरून आलं. विधी आटोपताच तो त्यांच्याकडे निघाला.

वाटेत व्याह्यांनी गाठलं. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, आवाज खणखणीत.

"अहो, ती टोपीवाली मंडळी तुमच्याकडची का? मंगलकार्यात टोप्या कसल्या!"

दु-हो चार पावलांवर उभा होता.

"नाही हो," बोंग-शिक म्हणाला. "मला वाटलं, तुमच्याकडची."

शब्द तोंडातून गेले ते गेलेच. एवढं एकटं त्याला दुकान बुडालं तेव्हाही वाटलं नव्हतं.

दु-हो पुढे आला आणि व्याह्यांसमोर कमरेतून वाकला. "आम्ही मुलाकडचे, साहेब. लष्करातले दोस्त. टोप्यांचं माफ करा हं."

"असं होय!" व्याही खूश झाले. बोंग-शिककडे मात्र दु-होने पाहिलं नाही. रागाने नव्हे, तर चोरी उघडी पडू नये म्हणून, आणि तेच बोंग-शिकला जास्त लागलं.

"मित्रमंडळी, या लवकर!" फोटोवाला ओरडला. "मुलाकडचे डावीकडे, मुलीकडचे उजवीकडे. टोप्या काढा, भाऊ!"

तिघं गुपचूप डावीकडे जाऊन उभे राहिले. टोप्या काढल्यावर त्यांची चकोट डोकी दिव्यांखाली चमकली. हे-वॉनने मान वळवून आधी त्यांच्याकडे आणि मग बापाकडे पाहिलं.

"पुढे बघा, नवरीबाई!"

बोंग-शिक कॅमेऱ्यामागे उभा होता. मुलीकडच्या बाजूला बरीच जागा रिकामी होती.