मेव्हिस शंभर मोजते

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात स्केलथ्वेटमध्ये ऊन पडलं आणि सगळं गाव वेडं झालं. बायकांनी गोधड्या धुऊन वाळत टाकल्या, पुरुष पबबाहेरच्या बाकांवर बाह्या दुमडून बिअर प्यायले, आणि टेकडीच्या उतारावरच्या नगरपालिकेच्या मळ्यात तर जत्राच भरली. मळ्याचे तुकडे चोवीस, गावकऱ्यांना भाड्याने दिलेले. त्यातल्या तेवीस तुकड्यांवर फावडी चालू होती.

त्यात गुड फ्रायडेही त्याच आठवड्यात आला. आता यॉर्कशरच्या या भागात बटाटा गुड फ्रायडेलाच लावतात. आजोबांनी लावला, पणजोबांनी लावला, आपणही लावायचा. त्या दिवशी मातीवर सैतानाची सत्ता चालत नाही म्हणे. सैतानाचं काय ते पाद्री जाणे, पण थंडीची सत्ता चालतेच. ईस्टरची तारीख ठरते चंद्रावरून, कधी मार्चात तर कधी एप्रिल सरता सरता, आणि बटाट्याला काही चंद्र कळत नाही. पण हे बोलून वाईट कोण होणार? उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, तशी सगळ्यांची गत.

उरलेला नऊ नंबरचा तुकडा मेव्हिसचा. वय सदुसष्ट, बांधा आडवा, जीभ सरळ. त्या दिवशी तीही मळ्यात आली होती, पण तिच्या हातात ना फावडं ना बटाट्याची टोपली. तिने आपल्या लाकडी शेडमागची जागा निरखली, तिथे टेकवून ठेवलेलं जुनं दार आडोशाला ओढलं, इकडे तिकडे पाहिलं, स्कर्ट वर केला आणि उघड्या कुल्ल्यांनी ओल्या मातीवर बसली.

ही तिच्या नवऱ्याची, हर्बर्टची रीत. त्याच्या बापाचीही तीच. हात फसतो, तो म्हणायचा, हाताला सवय असते. बूड खोटं बोलत नाही. उघडं बूड टेकवून शंभर आकडे मोजायचे. बसवलं तर पेरायचं, नाही बसवलं तर घरी जायचं. चाळीस वर्षं हर्बर्ट त्या दारामागे बसला आणि चाळीस वर्षं मेव्हिस दाराच्या अलीकडे उभी राहून कुणी येतं का पाहत होती. दोन वर्षांपूर्वी हर्बर्ट गेला. आता राखणीला कुणी नव्हतं आणि बसायचंही तिलाच होतं.

"एक, दोन, तीन..." अकरापर्यंत तिने दात दाबून धरले. सतराला ती ताडकन उठली. वर ऊन जूनचं असेल, खाली माती जानेवारीचीच होती.

कपडे सावरून ती बाहेर आली तर समोर क्लिफर्ड. क्लिफर्ड मळ्याच्या समितीचा अध्यक्ष. दोघं शाळेत एका वर्गात होते, तेव्हा तो वर्गाचा मॉनिटर होता, आणि तो आजार त्याचा अजून बरा झाला नव्हता.

"मेव्हिस, बटाटे कुठायत तुझे?"

"घरी. खिडकीत ऊन खात बसलेत."

"आणि तू इथे काय करतेस?"

"मीपण बसलेच होते."

क्लिफर्डने खिशातून वही काढली. "थट्टा पुरे. नियम माहितीये ना? मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पाहणी. तुकड्याचा पाऊण भाग हिरवा दिसला पाहिजे. पेरलंय, येईल, असलं चालणार नाही. डोळ्यांना दिसलं पाहिजे. गेल्या वर्षी तुझ्याकडे कमरेएवढं गवत होतं. एक नोटीस झालीये. दुसरी झाली की तुकडा गेला. यादीत एकोणीस माणसं वाट बघतायत."

गेल्या वर्षीचं खरं होतं. हर्बर्ट गेल्यावर वर्षभर तिला मळ्याचं फाटक उघडवलंच नव्हतं. त्यात हा हिरवं दिसण्याचा नियम क्लिफर्डने स्वतःच हिवाळ्यात करून घेतला होता, आणि कुणासाठी केला होता ते सगळ्यांना कळत होतं. मेव्हिसला राग आला तो नियमाचा नाही. त्या तुकड्याची माती तिने आणि हर्बर्टने घोड्याची लीद ओतून ओतून काळी केली होती, आणि ती दुसऱ्या कुणाच्या फावड्याखाली जाणार, याचा तो राग होता.

"क्लिफ, माती थंड आहे," ती म्हणाली.

"सगळ्या गावाला ऊब लागतेय, हिलाच थंडी!" क्लिफर्ड मोठ्यांदा बोलला, आजूबाजूच्यांनी ऐकावं म्हणून. लोक हसले. मेव्हिसने स्कार्फ बांधला आणि घरी गेली.

घरी जाऊन ती हातावर हात ठेवून बसली नाही. तिने वर्तमानपत्राचे द्रोण वळले, दह्याच्या पेल्यांना बुडाशी भोकं पाडली, अंड्यांचे ट्रे मांडले आणि घरात पेरणी केली. कोबी, लीक म्हणजे जाड पातीचा कांदा, बीट, घेवडा, वाटाणा. खिडक्यांच्या कडा भरल्या, मग जिन्याच्या पायऱ्या भरल्या, मग न्हाणीघरातला टब. आंघोळ ती स्वयंपाकघरात बादलीने करू लागली. पलंगाच्या हर्बर्टच्या बाजूला लेट्यूस उगवलं. शेजारची डॉरीन, जिचा दहा नंबरचा तुकडा होता, चहाला आली आणि बसायला खुर्ची शोधत राहिली.

"अगं बाई, हे घर आहे का वाफा?"

"तिसऱ्या पायरीवर पाय नको देऊस. कोबी आहे."

एप्रिलच्या आठ तारखेला बर्फ पडलं. चार दिवसांनी वितळलं, ऊन आलं, लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि बटाट्यांनी माना वर काढल्या. मग एका पहाटे दव गोठलं आणि त्या सगळ्या माना काळ्या पडल्या. पेरलेला घेवडा मातीतच कुजला. लोकांनी पुन्हा पेरलं. गारा आल्या. तिसऱ्यांदा पेरलं, तर पुन्हा कडाका. एवढं होऊनही कुणी आपल्या घाईला बोल लावला नाही. दरवेळी दोन तास ऊन पडलं की हे लोक फावडी घेऊन हजर! सांगायचं कुणी, आणि ऐकायचं कुणी?

मेव्हिस दर चार दिवसांनी दारामागे जाऊन बसायची. एकोणतीस. चव्वेचाळीस. एकदा एकसष्टपर्यंत गेली आणि उठताना रडली, थंडीने नव्हे. मेचा पहिला आठवडा लागला होता, आणि तिचा तुकडा खणून, खत घालून, कंगव्याने विंचरल्यासारखा तयार होता. पण हिरवं पान नाही एक.

"माझं ऐक," डॉरीन म्हणाली, "बाजारातून कोबीचे पन्नास गड्डे आण आणि दे टोचून. क्लिफला कळतंय काय!"

"कोबीला कळेल ना."

"मग रोपं तरी लाव आता. नुसती काय ओसरीवर काढतेस नि आत नेतेस?"

कारण मेव्हिसने दहा दिवसांपासून रोज सकाळी सहाशे रोपं मागच्या ओसरीत मांडायची आणि संध्याकाळी परत आत न्यायची, असा नेम धरला होता. घरात वाढलेल्या रोपाला वाऱ्याची सवय लावावी लागते, नाहीतर ते बाहेर गेल्या गेल्या मान टाकतं. तिची कंबर मोडली होती. तरी ती म्हणाली, "आज नाही. एकसष्टच झाले."

पाहणीच्या आधीच्या गुरुवारी वारा फिरला. उत्तरेचा दक्षिणेला गेला. मेव्हिस सकाळी सातला दारामागे बसली. पन्नास झाले. सत्तर झाले. नव्वदला तिच्या लक्षात आलं की आपण मोजायचं म्हणून मोजतोय, थंडी वाजतच नाहीये. शंभर तिने एवढ्या मोठ्याने म्हटलं की डॉरीन धावत आली.

"काय झालं? पडलीस का?"

"बाबागाडी काढ तुझी! माळ्यावरची!"

डॉरीनची जुनी बाबागाडी, मेव्हिसची एकचाकी ढकलगाडी, आणि चर्चमागच्या रस्त्याने बावीस खेपा. कोबी बाबागाडीत बसून मळ्यात गेला. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, दोघी गुडघ्यावर होत्या. मेव्हिस भोक पाडायची, डॉरीन रोप सोडायची, मेव्हिस माती दाबायची. बटाटेही आता घरातूनच कोंब फुटून, पेल्यांत पानं धरून आले होते. शनिवारी दुपारी शेवटची लीकची ओळ संपली आणि चारला क्लिफर्ड फाटकाशी येऊन उभा राहिला.

"रेडिओवर सांगितलंय," तो म्हणाला. "आज रात्री पुन्हा दव गोठणार." त्याच्या आवाजात दुष्टावा नव्हता, नुसता थकवा होता. त्याने बटाटा तीनदा लावला होता.

माती उबदार होती, तिच्या बुडाने सांगितलं होतं. पण वरच्या हवेचा भरवसा बूड देत नाही. ती घरी गेली आणि तिने पडदे काढायला सुरुवात केली. दिवाणखान्यातले जाळीचे, झोपायच्या खोलीतले, स्वयंपाकघरातले, मग चादरी, मग लग्नातला पांढरा टेबलक्लॉथ. डॉरीनने आपलेही आणले. दिवे लागायच्या आत अख्खा नऊ नंबर झाकून, कडांना दगड ठेवून झाला होता.

रविवारी सकाळी मळा पांढरा होता. गवत पायाखाली कुरकुरत होतं. चोवीस तुकड्यांचे लोक कोटाच्या कॉलरी वर करून जमले, आणि क्लिफर्ड वही घेऊन एक नंबरपासून निघाला. एकात कांद्याची एक ओळ. दोनात आंबट देठांच्या रुबार्बचं झुडूप आणि बाकी काळं. तिनात काही नाही. चार त्याचा स्वतःचा होता. तिथे तो थांबला नाही. नवाशी आला तेव्हा मेव्हिस आपल्या पडद्यांशेजारी उभी होती.

"उचल," ती म्हणाली.

क्लिफर्डने वाकून टेबलक्लॉथचा कोपरा उचलला. वरच्या बाजूला दव गोठून कापड पापडासारखं ताठ झालं होतं. खाली कोबी होता, हिरवागार, एक पान न मिटलेला. तो पुढचा पडदा उचलत गेला. बीट. लीक. वाटाणा. घेवड्याची दोनच पानं करपली होती. शेवटच्या पडद्याशी तो सरळ झाला तेव्हा सगळा मळा भोवती गोळा झाला होता.

"पाऊण?" मेव्हिसने विचारलं.

"पाऊणच्या वर," क्लिफर्ड पुटपुटला.

"मोठ्यांदा बोल. मार्चात बोलला होतास तसा."

"पाऊणच्या वर!"

"आणि बाकीचे तेवीस?"

कुणी हसलं नाही. नियम सगळ्यांना पाठ होता. पाऊण भाग डोळ्यांना हिरवा दिसला पाहिजे, पेरलंय, येईल हे चालत नाही. वहीत तेवीस नोटिसा लिहायच्या होत्या आणि त्यातली चौथी अध्यक्षाच्या नावाची होती. क्लिफर्डचे कान लाल झाले. त्याने वही मिटली, आणि शाळा सुटल्यापासून पन्नास वर्षांत प्रथमच तो म्हणाला, "मेव्हिस, काय करू?"

खरं सांगायचं तर तिला त्या क्षणी फार गोड वाटलं. तिने ते गोड जरा चघळलंही.

"वही दे डॉरीनला, नियम खोडायला. घरी टबात अजून दोनशे रोपं आहेत, ती सगळ्यांना वाटेन. ऊन चढू दे, दुपारी या." मग तिने शेडमागच्या दाराकडे बोट दाखवलं. "पण रोप देईन ते तिथे उघड्या बुडाने शंभर मोजून उठेल त्याला. तू अध्यक्ष, तेव्हा मान पहिला तुझा."

दुपारी दोनला क्लिफर्ड दारामागे गेला. पट्ट्याचा आवाज आला, मग एक दबकी शिवी, मग "एक, दोन..." दाराच्या अलीकडे मेव्हिस उभी होती, कुणी येतं का पाहत, चाळीस वर्षं उभी राहायची तिथेच. पन्नासनंतर सगळा मळाच क्लिफर्डबरोबर मोजू लागला. नव्वदला तीही मोजू लागली आणि शंभरला हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले.

"कशी आहे?" तिने दारावर टकटक करत विचारलं.

"उबदार आहे," क्लिफर्ड म्हणाला. "अजून थोडा बसू?"

"बस," मेव्हिस म्हणाली. "माझीच जागा आहे."