गळ्याची पूजा

आमच्या गावात लग्नाचे मांडव मी घालतो. त्यामुळे कोणाच्या लग्नात कोण राबलं आणि कोण नुसतं खुर्ची धरून बसलं, हे मला पाठ आहे. माझ्याहून जास्त पाठ होतं ते सखुबाईंना. सखुबाई आमच्या धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात प्रत्येक विधीचं वेगळं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. ते गाणारी बाई नसली, तर भटजी येऊनही लग्न अर्धंच. आमच्याकडे शेवटच्या धवल्यात राबलेल्यांची नावं गुंफतात: पाणी कोणी भरलं, हळद कोणी दळली. नाव आलं की माणूस वर्षभर ताठ चालतो. शिवदास मांडववाल्याचं, म्हणजे माझं नाव बावीस लग्नांत आलं आणि तीनदा राहिलं. ती तीन लग्नं मला जास्त आठवतात.

मागच्या वैशाखात सखुबाईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरली ती कुजबुज, तीही कान त्यांच्या तोंडाशी नेल्यावर. नशीब एवढंच, की सून हेमांगीनं त्याआधी सासूचे एकतीस धवले मोबाइलवर रेकॉर्ड करून हार्ड डिस्कमध्ये भरून ठेवले होते. तो मोबाइल पुढे खाडीत गेला, तेव्हा कोणाला फारसं वाईट वाटलं नाही. गाणी डिस्कमध्ये आहेतच, असं सगळे म्हणाले. आणखी एक नक्कल काढून ठेव, असं मी तेव्हा सुचवलं होतं, असं मी हल्ली सांगतो. खरं तर नव्हतं सुचवलं.

मार्गशीर्षात शेजारच्या कल्पिताचं लग्न ठरलं. धवलारीण म्हणून हेमांगी पहिल्यांदाच उभी राहणार होती. निम्मे धवले तिला येत होते, निम्मे डिस्कमध्ये. दहा दिवस आधी ती सरावाला बसली, डिस्क लॅपटॉपला लावली, आणि तिचा दिवा दोनदा लुकलुकून विझला.

हेमांगीचा नवरा कमलेश उरणला ट्रेलर चालवतो, त्यामुळे यंत्रं आपलं ऐकतात असा त्याचा समज आहे. त्यानं वायर हलवली, डिस्कला दोन थपडा दिल्या. तिसऱ्या खेपेला डिस्क दिसली आणि लॅपटॉपनं विचारलं, फॉरमॅट करू का? कमलेशला कोणीही काहीही विचारलं की तो आधी हो म्हणतो. त्या सवयीपायी तीन वर्षं गणपतीची वर्गणी तोच गोळा करतोय. त्याचं बोट बटणावर टेकायच्या आत हेमांगीनं मनगट धरलं.

“पाटी पुसायला निघालास,” ती म्हणाली, आणि डिस्क काढून पदरात घेतली.

माझ्या मांडवाच्या टेम्पोतून आम्ही अलिबागला गेलो. सखुबाईही हट्टानं आल्या. एस.टी. स्टँडमागच्या गल्लीत दिपेशचं दुरुस्तीचं दुकान आहे. माणूस इतका कमी बोलतो, की गिऱ्हाईकच जास्त बोलून सगळं कबूल करतं. डिस्क पडली होती का, असं त्यानं विचारलं. आम्ही तिघं एकदम नाही म्हणालो, तेव्हा त्यानं मान वर करून कमलेशकडे पाहिलं. कमलेशनं थपडा सांगून टाकल्या.

त्यानं वायर बदलली, कॉम्प्युटर बदलला. मग डॉक्टरसारखी डिस्क कानाला लावली. आत टकटक नव्हती, नुसती घरघर होती; तेवढ्यानं त्याचा चेहरा सैल झाला. मग भिंगाखाली वायर खोचायच्या तोंडात सुई घातली. बाहेर आली लाल खपली आणि तांदळाचा एक दाणा.

“हे कोणी केलं?”

कमलेशनं बायकोकडे पाहिलं, बायकोनं माझ्याकडे, मी पंख्याकडे. सखुबाईंनी दिपेशची बाही धरून त्याला खाली वाकवलं.

“माझा गळा हाय त्यात,” त्या कुजबुजल्या. “दसऱ्याला कोयत्याची पूजा करता, ट्रेलरची करता. गळ्याची नको?”

दिपेश हसला नाही. ओलं कुंकू आत ओघळून तोंडाजवळची छोटी सर्किटची पट्टी सडली आहे, मागची डिस्क मात्र फिरते आहे, असं त्यानं त्यांना, फक्त त्यांनाच, सावकाश समजावलं. मग डिस्कची डबी उघडून ती पट्टी बाजूला काढली आणि डिस्क सरळ आपल्या कॉम्प्युटरच्या जोडणीला लावली.

“आता हिच्यावर काही लिहायचं नाही. आधी अख्खी नक्कल, मग बाकीचं. आणि आजी, पुढल्या दसऱ्याला कुंकू झाकणावर लावा.”

नक्कल निघायला तीन दिवस लागले. थपडांनी डिस्कवर काही जागा दुखावल्या होत्या. तिथे यंत्र अडायचं, पुन्हा पुन्हा वाचायचं. रविवारी दुकान बंद असतं, तरी दिपेश येऊन बसला होता. हे शेजारच्या चहावाल्यानं सांगितलं, त्यानं नाही. बिल त्यानं घेतलं, आणि वाजवी घेतलं.

तीस धवले धड मिळाले. दुकानातच त्यानं पहिला लावला. सखुबाईंनी डोळे मिटून आपलाच आवाज शेवटपर्यंत ऐकला, आणि सुनेच्या कानात म्हणाल्या, तिसऱ्या ओळीला घाई झाली, तू करू नकोस.

एकतिसावा, नावांचा, मधोमध तुटला होता. हेमांगीचा चेहरा उतरला. सासूनं तिला जवळ ओढलं.

“ती जुन्या लग्नातली नावं, गेली तर जाऊ दे. तुझ्या मांडवातली तूच घालायची.”

कल्पिताच्या लग्नात हेमांगी गायली. हळदीच्या पहिल्या धवल्याला आवाज कापला, दुसऱ्यापासून स्थिरावला. शेवटी नावं आली. पाणी भरणारी विनिता आली, हळद दळणाऱ्या नीराबाई आल्या, कमलेशचं नाव थपडांसकट आलं आणि बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मग ती गायली, अलिबागचा दिपेश, त्यानं गळा परत आणला. आमच्या आमंत्रणावरून आलेला दिपेश मागच्या रांगेत जेवणाचं ताट घेऊन उभा होता. त्यानं ताट खुर्चीवर ठेवलं आणि हात जोडले. कोणाला, ते त्यालाही ठाऊक नसावं.

माझं नाव राहिलं. पोरगी घाबरलेली, पहिलीच वेळ. मी मनाशी चौथी रेघ ओढली. तेवढ्यात सखुबाईंनी बोटानं बोलावलं. मी वाकलो, तसा त्यांनी माझा कान धरला आणि त्या उरलेल्या कुजबुजीत, चालीवर, एक अख्खी ओळ म्हटली: मांडव शिवदासाचा, टेम्पो शिवदासाचा.

मांडवात दुसऱ्या कोणी ती ऐकली नाही. मी मात्र तेवीस धरलेत.