तीन पट्ट्यांचं पिल्लू

कुत्रं घ्यायचं ठरलं त्या आठवड्यात आमच्या जळगावच्या घरात तीन पक्ष पडले, आणि तिन्ही पक्षांत मी होतो. सकाळच्या चहाला मी मुलाच्या, रविंद्रच्या बाजूने. दुपारी सूनबाईच्या, वृषालीच्या बाजूने. संध्याकाळी नात हेमांगी शेजारी येऊन बसली की तिच्या; तिला कोणतंही चालणार होतं.

हेमांगी अकरा वर्षांची. तिला कुत्र्याचं वेड आणि कुत्र्याचीच ॲलर्जी. मागच्या वर्षी तिने गल्लीतलं एक पिल्लू घरात आणलं. चौथ्या दिवशी तिची छाती वाजायला लागली, दम्याचा पंप ओढावा लागला, आणि पिल्लाची रवानगी पहूरला माझ्या बहिणीकडे, भिकुबाईकडे झाली. पोर आठ दिवस धड जेवली नाही. तेव्हाच वृषालीने सांगून टाकलं, "आता एकदाच. पुढचंही परत पाठवायची वेळ आली तर या घरात पुन्हा कुत्र्याचा विषय निघणार नाही."

तर निवड जपून करायची होती. वृषालीने मोबाइलवर शोधून काढलं की पूडल नावाचं एक कुरळ्या केसांचं विलायती कुत्रं असतं, त्याचे केस फारसे गळत नाहीत. लॅब्राडोर प्रेमळ, पण त्याचे केस डाळीच्या डब्यातसुद्धा सापडतात. म्हणून लोक दोघांचा संकर करतात. इथवर मला समजलं.

"पण एफ-वन घ्यायचं, एफ-वन-बी घ्यायचं, की एफ-टू?" ती म्हणाली.

मी बशी खाली ठेवली. चाळीस वर्षं मी चोपड्याला कपाशी केली, त्यातली बारा वर्षं बियाण्याचा प्लॉट घेतला. हा माझा प्रांत होता.

"एफ-वन," मी म्हणालो. "पहिल्या संकराचं बी. एफ-टूचं, म्हणजे त्याच्याच पुढच्या पिढीचं, नाव काढू नका. मी एकदा संकरित कपाशीची सरकी ठेवून दुसऱ्या वर्षी तीच पेरली. एकासारखं दुसरं झाड नाही. एक इतकं उंच गेलं की वेचणीला शिडी लावली, वरून बडवानी दिसायची. शेजारचं इतकं बुटकं की त्याची बोंडं मुंग्यांनी वेचली."

"आबा, मागच्या वेळी त्या शिडीवरून ओंकारेश्वर दिसलं होतं," हेमांगी म्हणाली.

"त्या दिवशी हवा स्वच्छ होती."

वृषालीने शिडीकडे लक्ष दिलं नाही. "एफ-वनमध्ये निम्मा लॅब्राडोर आला. एफ-वन-बी म्हणजे एफ-वनचा पुन्हा पूडलशी संकर. चारांतले तीन हिस्से पूडल. तेच बरं."

"पण पहिल्या संकरात जोम असतो," रविंद्र म्हणाला. ते त्याला मीच सकाळी शिकवलं होतं.

"जोम घेऊन काय करायचं? नांगराला जुंपायचंय का?"

रविंद्रने कॅलेंडरच्या पाठीवर वंशावळ काढली. बघता बघता ती आमच्या भाऊबंदांसारखी दिसायला लागली. एफ-वन-बीचा बाप त्याचा मामाही लागतो का, यावर भरीत थंड झालं. मी दुपारपर्यंत एफ-वन-बीचा झालो होतो, संध्याकाळी पुन्हा एफ-वनचा, आणि झोपताना मला दोघांतला फरकच आठवेना.

हेमांगीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "नावावर जाऊ नका, कुठल्याच कुत्र्याची खात्री देता येत नाही. घ्यायचं त्याच पिल्लाजवळ मुलीला तास-दोन तास बसवून बघा. पंप जवळ ठेवा." इतकं सोपं सांगितल्यामुळे ते कोणालाच पटलं नाही.

रविवारी आम्ही गाडी काढली आणि धुळ्यावरून सोनगीरला गेलो. तिथे किल्ल्याच्या पायथ्याशी ललित नावाचा माणूस ही कुत्री पाळतो. त्याच्याकडे तिन्ही जातींचं एकेक पिल्लू उरलं होतं. तिन्ही गुळाच्या रंगाची, तिन्ही कुरळी. लाल पट्टा एफ-वन, निळा एफ-वन-बी, पिवळा एफ-टू.

"हाऊ लालवाला एफ-वन शे," ललित म्हणाला.

"कशावरून?"

"आबा, पट्टा लाल शे ना."

आता, पाकिटावरचं चित्र बघून मी आयुष्यात एकदाच बी घेतलं होतं. त्या वर्षी चित्रातली बोंडं नारळाएवढी होती आणि शेतातली बोराएवढी. तेव्हापासून पाकीट फोडून बी तळहातावर घेतल्याशिवाय मी दुकानाची पायरी उतरत नाही. ललित लसीकरणाची कार्डं आणायला आत गेला, सगळे त्याच्यामागे गेले, आणि मी तिन्ही पट्टे काढले. पट्ट्याखाली किती केस निघतात एवढंच बघायचं होतं. पण पिल्लांना मोकळी मान भारीच आवडली. ती एकमेकांवर पडली, कुंपणाला एक फेरी मारून आली, आणि माझ्या हातात उरले तीन पट्टे.

"आबा, हाई काय करं तुम्ही?" ललितने कार्डं धरलेला हात खाली सोडला.

"गळ्याला काचत होते."

त्याने एकाचा कान उलटा केला, दुसऱ्याचं पोट बघितलं. "हाऊ एफ-वन-बी. थांबा. हाऊ." मग त्याने आईला, पुष्पाबाईला हाक मारली. ती पीठ भरल्या हातांनी बाहेर आली.

"मी तं बठ्ठासले एकच थाळीमा खावाडस," ती म्हणाली. "माले काय माहीत कोन शे ते." सगळ्यांना एकाच थाळीत वाढणाऱ्या बाईला सगळी सारखीच.

वृषाली माझ्याकडे बघतही नव्हती. हे फार वाईट लक्षण. रविंद्रने गाडीची किल्ली काढली. "चला. हे काही जमणार नाही."

हेमांगीने माझ्या सदऱ्याची बाही धरली. पोरीचं कुत्रं मीच घालवलं होतं.

"थांबा जरा," मी म्हणालो. "पेरण्याआधी सरकी कशी तपासतो आपण? शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो. जे उगवलं ते बियाणं. पाकिटाला कोण विचारतो? आपलं गोणपाट आहे हेमांगी."

"माझी मुलगी गोणपाट?" वृषाली म्हणाली.

"डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं, सूनबाई. फक्त गोणपाट म्हणाले नाहीत."

वृषालीने पर्समधून पंप काढून हातात धरला.

ओसरीवरच्या खाटेवर हेमांगी बसली. पहिल्या पिल्लाला वीस मिनिटांत तीन शिंका आल्या. म्हणजे हेमांगीला आल्या. हातपाय धुऊन, कपडे बदलून, दोन तासांनी दुसरं. पाऊण तास ठीक गेला, मग डोळे लाल झाले आणि नाक गळायला लागलं. ललितने न सांगता ते उचललं.

पुन्हा दोन तासांनी आणलेल्या तिसऱ्याला ती हातच लावेना. याच्यानंतर चौथं नाही हे तिला कळत होतं. पिल्लाने तिच्या चपलेचा बंद चावला, कंटाळा आल्यावर मांडीवर चढलं आणि हनुवटी टेकवली. मग मात्र तिने त्याच्या मानेत तोंड खुपसलं. आम्ही घड्याळ बघत बसलो. तास झाला. एक जोरदार शिंक आली आणि सगळे ताडकन उठले. ती रविंद्रची होती.

वृषाली मात्र एका रविवारावर भरवसा ठेवणारी नाही. "पुढच्या रविवारी पुन्हा बसवू. हेच पिल्लू पाहिजे, अदलाबदल नको." म्हणून ललितने त्याच्या गळ्यात तिन्ही पट्टे बांधले. पुढच्या रविवारी ते दीड तास हेमांगीच्या कुशीत झोपलं, आणि त्याच कुशीतून जळगावला आलं.

खरी भीती चौथ्या दिवसाची होती. त्या सकाळी वृषालीने झोपलेल्या हेमांगीच्या छातीला कान लावला. बराच वेळ लावला. पिल्लू पायथ्याशी बसून तिच्याकडे बघत होतं, मी दारातून दोघींकडे. मग वृषाली उठली आणि पिल्लाला म्हणाली, "चल, तुला पोळी देते."

रविंद्र अजून म्हणतो एफ-वनच आहे, जोम बघा. वृषाली म्हणते एफ-वन-बी, कान बघा. परवा ललितचा फोन आला, त्याच्या हिशेबाने ते बहुतेक एफ-टू. मी तिघांनाही हो म्हणालो. कोणता पट्टा ठेवायचा ते ठरेना, म्हणून तिन्ही तसेच आहेत. शेजारचे शालिग्राम विचारत होते, ही कोणती जात? मी म्हणालो, याच्या आईने चोपड्याला शिडीवर चढून कापूस वेचलाय. त्यांनी मान डोलावली.