टोकियोचं उद्घाटन, दिग्रसच्या फाटकात

बाबा गेले त्या दिवशी त्यांना उचलायला चौघे वाकले, आणि 'हात लावू नका' हे शब्द माझ्या ओठांवर येऊन थांबले. तेच शब्द मी एकदा दिग्रसच्या कापूस बाजारात मोठ्यांदा ओरडले होते. तो दिवस आनंदाचा होता.

१९६४ची दिवाळी नुकतीच झाली होती. माझे बाबा, उकंडा, पूर्वी कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते. रुईच्या गाठींची थप्पी अंगावर कोसळून त्यांचे दोन्ही पाय गुडघ्यापासून गेले. तेव्हापासून ते बेअरिंगच्या छर्ऱ्यांची चार चाकं लावलेल्या फळीवर बसत आणि हातांतल्या लाकडी ठोकळ्यांनी जमीन रेटत फिरत. बाजाराच्या फाटकाबाहेर पोती शिवत. बाहेरच, कारण आत जायला खडीचा चढ होता आणि तिथे कुणीतरी त्यांना फळीसकट उचलावं लागे. ते त्यांना मुळीच खपत नसे.

संध्याकाळी मी त्यांना पेपर वाचून दाखवी. त्या दिवशी जपानची बातमी होती. टोकियोत अपंग खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या होत्या. उद्घाटनाला देशोदेशीचे खेळाडू चाकांच्या खुर्च्यांवरून, झेंडे घेऊन, बँडच्या तालावर मैदानात आले होते.

"त्यायले कोनी ढकलत होतं काय वं?" बाबांनी विचारलं.

फोटो धूसर होता. "हा पुढचा तं आपल्याच हातानं येऊन राह्यला."

"अन् आपल्या देशाचं कोन हाय?"

"बातमीत तं नाव नाही."

बाबांनी सुई पोत्यात खोचली. "मंग आपन जाऊ. परवा बाजारात मुहूर्त हाय. बँड बी हाय."

"टोकियोले निंगाले!" आई चुलीपासून म्हणाली. "पह्यले न्हानीपर्यंत तं जा. पानी निवून राह्यलं."

आमच्याकडे हंगामातली कापूसखरेदी मुहूर्तानं सुरू होते. फाटकातून कापसानं भरलेली पहिली बैलबंडी आत आली की बँड वाजतो आणि खरेदीदार शेठ कुंकू लावून, हार-नारळ देऊन तिचा मान करतात, मग मालाचा भाव सांगतात. त्या वर्षी पहिला नंबर पंजाबरावांच्या बंडीचा होता. त्यासाठी ते आदल्या दिवशीच येऊन राहिले होते.

मुहूर्ताच्या सकाळी बाबांनी धुतलेला सदरा घातला. पंधरा ऑगस्टचा कागदी झेंडा मी फळीला बांधला.

"सत्या, पोरी, मी पडलो तरी हात लावाचा नाही," ते म्हणाले. "अन् कोनाले लावू बी द्याचा नाही."

मी कबूल झाले.

चढाखाली थांबलेल्या पंजाबरावांच्या बैलांसमोरून बाबांनी फळी काढली आणि चढाला लावली.

"उकंडा, काय करून राह्यला बे? मुहूर्त टळंन ना!" पंजाबराव बंडीवरून ओरडले.

"थांबा, पंजाबरावभाऊ! भारत येऊन राह्यला!"

लोक हसले. निम्म्या चढापर्यंत बाबा जोरात गेले. मग चाकं खडीत रुतली. ते एक रेटा देत, आणि फळी तेवढीच मागे येई. एकाएकी फळी बैलांच्या पायांकडे घसरली आणि दोन हमाल धावले.

"हात लावू नका!" मी हमालांना आडवी गेले. आवाज फाटला. बाबांनी ठोकळे रोवून फळी कशीबशी थोपवली.

पंजाबरावांनी बंडीवरून उडी मारली. आता हेच उचलणार, असं मला वाटलं. पण भरली बंडी चढावर दमली की बंडीवाला चाकामागे दगड लावतो, तसा त्यांनी एक दगड बाबांच्या चाकामागे लावला.

"दम घे बे. बंडी भरलेली असली का आमचे बैल बी थांबतात."

बाबांनी दगडाकडे पाहिलं, मग पंजाबरावांकडे. कुणी त्यांना हात लावला नव्हता. त्यांनी श्वास घेतला आणि रेटा दिला. पंजाबरावांनी वाकून दगड पुढे सरकवला. पुन्हा रेटा, पुन्हा दगड. आणि चाकं फाटकाच्या आत गेली!

लोकांनी एकच ओरडा केला. भिंतीआड उभ्या असलेल्या बाबूसिंग बँडवाल्याला वाटलं, बंडी आली. त्यानं दणक्यात वाजवायला सुरुवात केली.

"अरे, बंडी कुठे आहे?" शेठ हात हलवत राहिले. पण मुहूर्ताचं वाजवणं एकदा सुरू झालं की थांबवत नाहीत, हंगाम बिघडतो म्हणतात. शेवटी शेठच मानाचं ताट घेऊन पुढे आले.

"कुंकू नोका लावू, शेठ," बाबा धापा टाकत म्हणाले. आम्ही छप्पन साली बौद्ध झालो होतो. "हार चालते."

शेठनी हार घातला आणि नारळ फळीवर ठेवला.

"आता माहा भाव सांगा."

शेठनी त्यांच्या भिजलेल्या सदऱ्याकडे पाहिलं. "माल ओला दिसतो. आधी वाळू दे."

सगळ्यांत मोठ्यानं पंजाबराव हसले. त्यांची बंडी दुसरी आली. नारळ बाबांनी त्यांनाच दिला.

घरी आईनं हार पाहिला. तिचे हात पिठात तसेच राहिले.

"काय वो, जिंकले काय?"

"नाही वं," बाबा फळीवरून उतरत म्हणाले. "आज निस्तं उद्घाटन होतं. खेळ उद्यापासून."