आधी कडी वाजवा

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कडी आहे आणि सध्या भयंकर रागावलेली आहे. एरवी मी फारशी बोलत नाही. फाटक उघडताना एकदा खणखणते, लावताना एकदा, की झालं माझं बोलणं. पण परवा जे घडलं ते मनात ठेवलं तर मला गंज चढेल.

लोहाराने मला भट्टीत तापवून, ऐरणीवर ठोकून वाकवलं. "हात लागला की आवाज आला पाहिजे," असं म्हणत त्याने मला दोनदा लाकडावर आपटून पाहिलं. म्हणजे माझा जन्मच वाजण्यासाठी. दाराशी कोणी आलं की आतल्या माणसाला कळावं, एवढंच माझं काम.

ज्या घराच्या फाटकाला मी आहे, तिथे शिवणकाम करणाऱ्या मावशी राहतात. रस्त्यावरचं एक लंगडं पिल्लू त्यांनी आणलं, मग दुसरं, मग तिसरं. पुढे नगरपालिकेच्या कार्यालयातून रीतसर परवाना घेतला आणि माझ्या डोक्यावर पाटी लागली: या जागेत जास्तीत जास्त दहा कुत्रे.

सुरुवातीला मला ती पाटी खुपली. मायेला कसला आलाय आकडा? पण मावशींची धावपळ रोज पाहिली आणि मला कळलं. प्रत्येकाचं वेगळं भांडं, वेगळं अंथरूण, इंजेक्शन, ऊन, फिरणं. दहा असले की आज कोण जेवलं नाही हे मावशींना नुसत्या नजरेने समजतं. अकरावा आला की कोणाचं तरी काहीतरी राहून जातं, आणि ज्याचं राहतं तो बोलून दाखवत नाही.

येणारेजाणारे माझ्यापाशी थांबून म्हणायचे, "मावशी, काय हो तुमचं मन!" मला फार अभिमान वाटायचा. मग पहाटे त्यांच्यातलंच कोणीतरी यायचं, मी वाजू नये म्हणून मला मुठीत दाबून धरायचं आणि माझ्याच गळ्यात दोर बांधून पळून जायचं. दोराच्या दुसऱ्या टोकाला एक जीव. वर पाटी, खाली अकरावा! वाचता न येणारी माणसं असती तर मी समजू शकले असते. मग मावशी त्या अकराव्यासाठी घर शोधत दारोदार फिरायच्या.

परवा तपासणी होती. मागच्या इमारतीतल्या मफलरवाल्या काकांनी कार्यालयात तक्रार केली होती की इथे कुत्र्यांचा सुळसुळाट झालाय. दहाच्या वर एकही निघाला तर परवाना रद्द आणि सगळे कोंडवाड्यात. आणि नेमकं त्याच पहाटे कोणीतरी मला लोकरीच्या कापडात घट्ट गुंडाळलं. कापड निघालं तेव्हा मला बांधलेला होता एक म्हातारा कुत्रा, भुवया पांढऱ्या झालेला.

मावशींनी दोर सोडला, पाणी ठेवलं. तो प्यायला नाही. फाटकापासून हलेना. रस्त्याकडे बघत बसला.

मावशींचा भाचा म्हणाला, "उचलून न्हाणीघरात कोंडू या याला. तासाभराचा तर प्रश्न आहे."

"आणि ओरडला तर?"

"सांग, भाचा गातोय."

"तू याच्याहून वाईट गातोस रे," मावशी म्हणाल्या. मग त्यांचं हसू मावळलं. "नको. लपवायचंच असेल तर पाटी कशाला लावली?"

तपासनीस बाई आल्या त्या मला दोनदा वाजवून. किती दिवसांनी! त्यांनी भांडी पाहिली, अंथरुणं हुंगली, एकेकाच्या फासळ्यांवरून हात फिरवला. "हा पत्रा दुपारी तापत असणार. सावली वाढवा," त्यांनी बजावलं. मावशींनी मान डोलावली. मग बाई फाटकाशी थांबल्या. "आणि हा अकरावा?"

"पहाटे कोणीतरी बांधून गेलं."

"मावशी, असं सगळेच सांगतात हो."

मावशींनी पहाटे सोडलेला दोर उचलून बाईंपुढे धरला. तेवढ्यात रस्त्यावरून आवाज आला, "बघा! मी म्हटलं नव्हतं? नियम म्हणून काही आहे की नाही?" मफलरवाले काका मजा बघायला आले होते. ती लोकर मी ओळखली, पण सांगणार कशी?

सांगावं लागलंच नाही. तो आवाज ऐकताच म्हातारा ताडकन उठला. त्याच्या धडकेने फाटक उघडलं आणि मी आयुष्यात वाजले नव्हते एवढ्या मोठ्याने वाजले. तो शेपूट हलवत थेट काकांकडे गेला.

"अहो, कुत्रा काय, कोणालाही शेपूट हलवतो," काका मागे सरत म्हणाले.

"मला नाही हलवली," बाई म्हणाल्या.

म्हातारा काकांच्या बुटांपाशी बसला आणि त्याने उजवा पंजा वर केला, कोणीतरी प्रेमाने शिकवलं होतं तसा. आणि काकांचा हात, मित्रांनो, सवयीने खाली गेला आणि त्याने तो पंजा धरला.



"नाव काय याचं?" बाईंनी विचारलं.

"शहाणा," काका पुटपुटले. "म्हातारा झालाय हो. गालिचा खराब करतो."

"मग गालिचा गुंडाळा. हा तुमच्या नावावर नोंदवतेय. महिन्याभराने मावशींची सावली बघायला येईन, तेव्हा तुमच्याकडेही येईन."

शहाणा काकांबरोबर निघाला. उड्या मारायची ताकद नव्हती, तरी मारत होता. त्याने त्यांना तिथल्या तिथे माफ केलं. मी नाही केलं. मी लोखंडाची आहे.

मित्रांनो, जीव पाळणं तुम्हाला झेपेनासं झालं, तर दिवसाउजेडी या. आधी कडी वाजवा. मावशी येतील, बसवतील, तुमच्याबरोबर दुसरं घर शोधतील, नाहीतर तोंडावर नाही म्हणतील. पण माझं तोंड दाबून माझ्या गळ्यात दोर बांधू नका. तुम्ही पाठ फिरवता, तेव्हा तो जीव कसा बघत राहतो ते फक्त मला दिसतं.