‘क्ष’चा साक्षीदार

निवृत्त झाले तरी महालिंग सरांनी शनिवारचं वाचन मंडळ सोडलं नव्हतं. विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागात आठ-दहा प्राध्यापक जमायचे, न्याय, कर्तव्य, सत्ता असल्या विषयांवर घसा कोरडा पडेपर्यंत भांडायचे आणि कांदाभजी खाऊन आपापल्या घरी जायचे. जग होतं तिथंच राहायचं. मंडळाचा एक नियम मात्र खास सरांचा होता. खरा प्रसंग चर्चेला आणला तर नावं घ्यायची नाहीत, माणसाला ‘क्ष’ म्हणायचं. नाव आलं की नातं येतं, जात येते आणि विचाराची वाट लागते, असं ते सांगत. या नियमाचा त्यांना कोण अभिमान!

दोन हजार तीनच्या एप्रिलात असा एक प्रसंग स्नेहलनं आणला. ती मुरगूडची, सरांची जुनी विद्यार्थिनी. शहरातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची, म्हणजे आज आहे आणि उद्या नाही अशी नोकरी.

"‘क्ष’नं परीक्षेत एका मुलाची कॉपी पकडली," ती म्हणाली. "मुलगा संस्थेच्या अध्यक्षांचा भाचा. आता संस्था म्हणते, चिठ्ठी ‘क्ष’नंच त्याच्या बाकावर टाकली. हॉलमधल्या दुसऱ्या पर्यवेक्षकानं ती मुलाच्या मोज्यातून निघताना पाहिलीय. पण खरं बोललं तर त्याची नोकरी धोक्यात येईल. त्यानं काय करावं?"

मंडळी तुटून पडली. "ह्यात इचारायचं काय?" अमरसिंह नावाचा तरुण प्राध्यापक टेबलावर हात आपटत म्हणाला. "गप बसला तर त्यो बी चोरच की!"

समारोप सरांनी केला आणि फार सुंदर केला. "साक्षीदाराला इथं दुसरा मार्गच नाही. तो गप्प राहिला, तर आपण आजवर वाचलं ते सगळं वाया."

बाहेर फाटकापाशी स्नेहलनं त्यांना गाठलं.

"सर, नियम मोडतो आता. ‘क्ष’ म्हंजे मीच. आणि त्या दुसऱ्या पर्यवेक्षक आपल्या सौंदर्या वहिनी. सोमवारी चौकशी हाय. माझ्या बाजूनं दुसरं कोण न्हाई. तुम्ही मघाशी बोललासा, तेवढंच घरी सांगा."

सौंदर्या त्यांची सून. तिनं घरी चकार शब्द काढला नव्हता.

ते घरी आले तेव्हा ती भाकरी थापत होती. त्यांनी विचारलं, तसा तिचा हात थांबला.

"पाहिलं मी, मामंजी. मोज्यातनंच काढली त्यानं. झोप न्हाई मला. पण जूनमध्ये कायम करणार हायत मला. तुम्ही म्हणाल तसं करतो."

तिच्या डोळ्यांत भीती होती, पण आशाही होती. मामंजींनी एकदा ‘बोल’ म्हणावं, की बळ येईल, एवढीच. जन्मभर दुसऱ्यांना बोला म्हणून सांगणाऱ्या माणसाला तो एक शब्द फुटेना.

"जून होऊन जाऊ दे," ते म्हणाले.

तिनं मान खाली घातली आणि भाकरी तव्यावर टाकली.

सोमवारी चौकशीत सौंदर्यानं सांगितलं, माझं लक्ष दुसरीकडं होतं. स्नेहलची नोकरी गेली, आणि असला डाग घेऊन आलेल्या बाईला दुसरं कुठलं कॉलेज दारात उभं करणार? सरांकडून नेलेली पुस्तकं परत द्यायला ती दारात आली. सरांना बस म्हणायचंही धाडस झालं नाही. आपल्याकडं निघताना माणूस ‘येतो’ म्हणतो. ती म्हणाली, "जातो, सर."

शनिवारी मंडळ भरलं. स्नेहलची खुर्ची कुणीतरी भिंतीला सरकवून ठेवली होती.

"सर, त्या ‘क्ष’चं पुढं काय झालं?" अमरसिंहनं विचारलं. "साक्षीदार बोलला का?"

सगळे सरांकडं बघत होते. सरांनी चष्मा पुसला.

"काल्पनिक होतं ते," ते म्हणाले, आणि त्यांनी पुढचं पान काढलं.