काळ्या चित्रातला ताल

माझं वय अकरा वर्षं. तुमच्यात या वयाला दुधाचे शेवटचे दात पडतात, माझ्या जातीत मात्र सरळ म्हातारी म्हणतात. मित्रांनो, मी एक जुनी चिप आहे. नखाएवढी, एका हिरव्या कार्डावर बसवलेली. एका इस्पितळात, हृदयाच्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत, चित्रं दिसतात त्या पडद्याखालच्या लोखंडी डब्यात मी राहते.

मी जन्मले तो कारखाना इतका स्वच्छ, की तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकून यायची. मला तापवलं, गारठवलं आणि दोन्ही वेळा एकच गोष्ट पाहिली: हिचा ताल सुटतो का? नाही सुटला.

चार किलोमीटरवर या इस्पितळाची दुसरी इमारत आहे. वेळेआधी जन्मलेली बाळं तिथे काचेच्या पेटीत ठेवतात. तिथली चित्रं केसाएवढ्या काचेच्या तंतूतून माझ्याकडे येतात. येतात म्हणजे काय, तर उजेड आणि अंधार, एका सेकंदात अब्जावधी वेळा. पण कुठला ठोका कधी मोजायचा हे सांगणारं घड्याळ सोबत कुणी पाठवत नाही. ते मलाच त्या उजेड-अंधारातून ओळखावं लागतं.

तुम्ही फिरत्या दोरीत शिरता ना? आधी दोरी बघता, मान हलवता, मग उडी. माझंही तसंच. माझ्या पोटात एक झुलता ठोका आहे. एक तपासनीस उजेड-अंधाराच्या प्रत्येक बदलाशी तो ठोका ताडून बघतो आणि बजावतो, "पुढे पळतेयस" किंवा "मागे पडलीस." शिवाय एक गाळणी आहे. ती समजावते, एका धक्क्याने बिचकू नकोस, चार बघ, मग पाऊल बदल. या तिघांच्या फेऱ्याला इंजिनिअर लोक फेज-लॉक्ड लूप म्हणतात. ताल जुळला की डब्यावर हिरवा दिवा लागतो.

फक्त बदल यायला हवेत. नुसता अंधारच येत राहिला तर तपासनीस गप्प होतो. दोरी दिसेनाशी झाल्यासारखं. मी अंदाजाने उड्या मारत राहते. थोडा वेळ जमतं, मग पाऊल चुकतं.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मग ओसरलं. चालत्या गोष्टीकडे कोण बघतं? डब्यावर चहाचे कप आले, जाळीत धूळ बसली. मी आपली ठोके धरत राहिले.

एका आठवड्यात एक आई चाकाच्या खुर्चीतून रोज यायची. पोटाला टाके, आणि लेक पलीकडच्या इमारतीत. तिने लेकीला अजून हातात घेतलंच नव्हतं. बघायची ती माझ्यामार्फत, डोळ्यांत तेल घालून. पेटी, नळ्या, पेरूएवढं डोकं.

पाचव्या दिवशी दुपारी बाळाचा श्वास बिघडला. हृदयाजवळची एक चिमुकली वाट जन्मल्यावर मिटायची असते. ती उघडी तर नाही ना, हे बघायला तिकडच्या डॉक्टरांनी बाळाच्या छातीवर यंत्र टेकवलं. चित्र आलं आणि तुटलं. पुन्हा आलं, पुन्हा तुटलं. दिवा हिरवा, लाल, हिरवा, लाल. मी जीव खाऊन धरत होते, पण समोर दोरीच नव्हती.

"असल्या चित्रावर मी काही सांगणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दहा मिनिटांत जमलं नाही, तर बाळाला गाडीतून इकडे आणावं लागेल."

"गाडीतून? त्या नळ्यांसकट?" आईचा आवाज चिरकला.

"म्हणून तर नको वाटतंय मला."

केबलींची देखभाल करणारी बाई धावत आली. तिला सगळे तारवाली ताई म्हणतात. तिने डबा उघडला आणि मान हलवली. "म्हातारी झाली ही चिप. पेन्शन द्या हिला. दुसरं कार्ड लावते, अर्धा तास लागेल."

"अर्धा तास नाहीये, ताई," आई म्हणाली. "आणि आमच्या आजेसासूबाईंनाही सगळे म्हातारी झाली म्हणायचे. म्हणणाऱ्यांना पोचवून मग त्या गेल्या. एक सांगू का?"

"सांगा, पण पटकन."

"पेटी दिसते तेव्हा चित्र तुटत नाही. काल नर्सबाईंनी पेटीवर काळं कापड टाकलं, तेव्हा तुटलं. आणि आज हे हृदयाचं. तेही बघा, जवळजवळ सगळं काळंच आहे. काळं वाढलं की तुटतं."

ताईचा हात स्क्रूवरच थांबला. "काळं... अगं बाई! मिसळणी!"

मित्रांनो, पाठवणारं यंत्र आकडे ठरलेल्या रीतीने विस्कटून पाठवतं, म्हणजे चित्र कितीही काळं असलं तरी बदल येत राहतात. इकडे ते पुन्हा नीट लावून घेतात. त्यालाच ताई मिसळणी म्हणते. आदल्या दिवशी केबल बदलल्यावर तपासणीचे आकडे सरळ वाचता यावेत म्हणून तिने दोन्ही टोकांची मिसळणी बंद केली होती. मग चहा आला, फोन आला, आणि चालू करायची राहूनच गेली.

ताईने कीबोर्डवर चार कळा दाबून दोन्ही टोकांची मिसळणी चालू केली.

अंधारात दोरीचा सपसप आवाज यावा, तसं झालं! बदल, पुन्हा बदल. तपासनीस जागा झाला. मी ठोका सरकवला, गाळणीने सावरलं, दिवा हिरवा झाला. मी ठरवलं, आता सुटायचं नाही. अकरा मिनिटं मी एकही ठोका सोडला नाही. पडद्यावर ते इवलंसं हृदय मिटत होतं, उघडत होतं.

"वाट उघडी आहे, पण अरुंद," डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या. "औषध सुरू करा. बाळ तिथेच राहू दे."

आई रडली नाही. खुर्चीच्या दांडीवर एका बोटाने ती लेकीच्या हृदयाचा ठोका धरू लागली. एकदा चुकली. थांबली, बघितलं, पुन्हा धरला. माझ्यासारखंच.

"चूक माझी होती," ताई म्हणाली. तिने माझी धूळ पुसली आणि डब्यावर कागद चिकटवला: निघण्याआधी बघ, जे बंद केलं ते चालू केलं का?

तेच माझं तुम्हाला सांगणं. दुरुस्तीसाठी जे उघडाल, काढाल, थांबवाल, ते आठवणीने पूर्ववत करा. आणि जुनं अडखळलं तर लगेच उपटू नका. कधी अडखळतं तेवढं त्या आईसारखं आधी बघा.

पुढच्या महिन्यात माझ्या जागी नवीन कार्ड येणार आहे. येऊ दे. आज पलीकडे चार पेट्या भरल्या आहेत, आणि माझा दिवा हिरवा आहे.